वरचं मॉडेल

बेळगावहून पोतदारांचा फोन.
"हळदोण्याला एक लाल गाडी आहे म्हणतात, दोन दारांची,
जाऊन बघ. साधी असेल तर चहा पिऊन परत ये.
पण मागे उजव्या कोपऱ्यात एस असेल,
तर तिथूनच फोन कर, कुणाला बोलू नकोस."

मी म्हापशाचा मेस्त्री.
तीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली उताणा पडून
आभाळ म्हणून चेसीच पाहत आलो.
तो एस पाहिला होता एकदाच,
एका जुन्या कॅटलॉगात,
त्यावरही कुणीतरी ग्रीसचा अंगठा ठेवलेला.

शेडमध्ये नारळ होते.
गाडी बाहेर, फणसाखाली,
बॉनेटवर गोणपाट, गोणपाटावर मिरच्या वाळत घातलेल्या,
आणि कडेने डोकावणारा रंग
त्यांच्याहून जुना, त्यांच्याहून वाळलेला.
पेर्पेतबायने चावी दिली. दिवे उघडले:
एक पापणी लगेच वर,
दुसरी विचार करून.
खाऱ्या वाऱ्याने दारांखालचा पत्रा खाल्लेला,
बोट लावलं की गंज पोह्यांसारखा गळतो.

मागे गेलो.
एस नव्हता.

साध्या गाड्या काय, भरपूर आल्या, भरपूर मेल्या,
कुणी त्यांचं सुतक धरलं नाही.
निघणारच होतो. पण हात सवयीने फिरला डिकीवरून
आणि बोटाखाली लागली दोन भोकं,
टाचणीच्या डोक्याएवढी,
मेणबत्तीच्या मेणाने बुजवलेली.

मग मी शर्टाची पर्वा न करता आडवा झालो.
मागच्या चाकात ड्रम नाही, डिस्क!
उठून आत बसलो तर सीटने दोन्ही कुशींना धरलं,
वळण यायच्या आधीच.
आणि समोरच्या तबकडीवर ती लाल रेघ
बोटभर पुढे सरकलेली.
हिच्या साध्या बहिणी जिथे दम टाकतात
तिथे ही नुसता घसा साफ करत असणार.
मी काच पुसली. परत पुसली.

"तुका कळ्ळें मूं?" दारातून पेर्पेतबाय.
आत जाऊन बटणांचा डबा घेऊन आली,
बटणं बाजूला सारून काढला एस,
माझ्या तळहातावर ठेवला.
"हे असलं की लोक गेटवर थांबत.
एव्झेब गेल्यावर मीच उपटलं, सुरीने."

मोंबासाच्या दुकानात दोन गाड्या उभ्या होत्या म्हणे,
शेजारी शेजारी, एकाच रंगाच्या,
मध्ये या एका अक्षराचा फरक.
फरकाचे पैसे म्हणजे घरामागची विहीर,
खणायची ठरलेली, जागाही पाहिलेली.
त्याचं पत्र आलं: बांय फुडल्या वर्सा.

"मागीर?" मी विचारलं.
"मागीर कितें, गाडी आयली."

मुरगावला बोटीतून उतरली तेव्हा
हमाल म्हणे हात न लावता भोवती उभे राहिले.
रविवारी मिसाला पायी पाच मिनिटं,
तरी गाडीनेच जायचा, लांबून वळसा घालून.
"आणि एकदा रात्री, सगळी निजल्यावर,
मला म्हणाला बस.
म्हापशाच्या रस्त्याला काटा त्या लाल रेघेला नेऊन टेकवला.
मी ओरडले, बाबा."
थोडं थांबली. मिरच्यांतलं एक पान उचलून टाकलं.
"थांब म्हणून नव्हे."

मग तिला आठवलं की मी उन्हातून आलोय.
तांब्या-पेला घेऊन आली. पाणी गार होतं, गोडसर,
मी तसं म्हणालो.
"शेजाऱ्यांची बांय," ती म्हणाली,
"अजून."

खिशात फोन थरथरायला लागला.
मुठीत एस, त्याचे दोन बारीक पाय
तळहाताला टोचत होते.
पेला रिकामा केला
आणि तिच्याकडे आणखी पाणी मागितलं.